मामांचा एक टोला

गोपाळरावांनी फॉर्मवर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि चहाचा कप उचलला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आता तुम्ही रुचिराला काठी मारणार?"

कप ओठांपाशीच थांबला.

रुचिरा ही गोपाळरावांची सख्खी भाची. वय बावीस, जन्मापासून दृष्टिहीन, आणि पोहण्यात राज्यातल्या पहिल्या तिघींपैकी एक. गेली सहा वर्षं तिला रोज पहाटे पाच वाजता झाशीच्या बडा बाजारातल्या घरून स्कूटरवर बसवून सिव्हिल लाइन्सच्या तरणतलावावर नेणारे गोपाळरावच, आणि रात्री भिजवलेले बदाम सोलून डबीत भरून देणारेही तेच. भाचीच्या कुठल्याही कागदावर ते डोळे मिटून सही करत. राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड चाचणीसाठी टॅपर म्हणून एक नाव हवंय, एवढं कानावर पडलं आणि त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

टॅपरचं काम तसं एका वाक्याचं. दृष्टिहीन पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, म्हणून ती जवळ आली की काठावरच्या माणसाने लांब काठीने त्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर टोला द्यायचा. काठीच्या टोकाला फोमचा गोळा असतो, त्यामुळे लागत नाही. तलावाच्या दोन टोकांना दोन टॅपर. एका टोकाला रुचिराचे प्रशिक्षक दामोदर सर असत, दुसऱ्या टोकाला तिचा भाऊ चैतन्य. तो लक्ष्मी गेटजवळ स्कूटी घसरून मनगट मोडून बसला होता आणि चाचणी आठ दिवसांवर आली होती. शंभर मीटरची शर्यत, पन्नास मीटरचा तलाव. म्हणजे गोपाळरावांच्या वाट्याला सगळा मिळून एकच टोला येत होता.

पण तोच घशाखाली उतरेना. महाराष्ट्रात भाची मामाच्या पाया पडते. झाशीत उलटं. इकडे भाची म्हणजे देवी. मामा तिच्या पायांना हात लावतो, तिला काम सांगत नाही, आणि तिच्यावर हात उगारणं हे पापांच्या यादीत अगदी वर. गोपाळरावांचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी इथे आले. तेव्हापासून घरात मराठी टिकली, पुरणपोळी टिकली, पण हा इथला रिवाज त्यांनी इथल्यांपेक्षाही कडक पाळला. घरातल्या एकाही मामाने आजवर भाचीला साधं 'गप्प बस' म्हटलेलं नव्हतं.

"मी नाही मारणार," गोपाळराव म्हणाले. "नुसती काठी लावेन. अलगद."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच अलगद लावली, इतकी अलगद की रुचिराला कळलंच नाही. तिची बोटं भिंतीवर आपटली. गोपाळराव काठी टाकून हात जोडून उभे राहिले. काठी तरंगत चार नंबरच्या लेनमध्ये गेली.

"मामाजी, ठोकिए," समोरच्या टोकावरून दामोदर सर ओरडले. "प्यार से नहीं, टाइम से।"

सुजलेली बोटं घरी पोचली तेव्हा प्रमोदिनीबाईंनी वेगळाच निष्कर्ष काढला. काठी कडक आहे. त्यांनी जुन्या रजईतला कापूस काढला, फोमच्या गोळ्यावर थर दिले आणि वरून मखमलीची गवसणी शिवली. गोळा कलिंगडाएवढा झाला. "आता मारलंत काय, थोपटलंत काय, सारखंच," त्या म्हणाल्या.

कापूस पाणी पितो, हे तिसऱ्या दिवशी तलावावर सगळ्यांच्या लक्षात आलं. रुचिराची वाट पाहत गोपाळरावांनी गोळा जरा पाण्यात टेकवून ठेवला होता. ती जवळ येताच त्यांनी काठी उचलायला जोर लावला. काठी काही वर आली नाही, गोपाळरावच पुढे गेले. बूट, घड्याळ, चष्मा आणि खिशातली बदामाची डबी यांसह ते पाण्यात पडले. त्यांना पोहता येत नव्हतं. रुचिराने धडपडीचा आवाज ऐकला, दोन हात मारून तिथे पोचली आणि मामांना सदऱ्याच्या कॉलरला धरून काठाशी आणलं.

"भाचीने बाहेर काढलं मला," गोपाळराव काठावर ओलेचिंब बसून पुटपुटत होते. "उलट तिलाच त्रास."

रुचिरा त्यांच्या शेजारी बसली. एरवी ती फारसं बोलत नसे.

"मामाजी, चाचणीत मला एक मिनिट पस्तीस सेकंदांच्या आत यायचंय. चैतन्य असला की मी तेहतिसात येते. तुम्ही असलात की एक्केचाळीस. का, माहितेय? भिंत कधी येईल याचा भरवसा नसला की हात आपोआप आखडतो. तुम्ही मारलं नाही, तर भिंत मारते."

"पण बेटा, तुझ्यावर हात—"

"लहानपणी मी आणि चैतन्यने मिळून शेजारच्यांच्या सात कुंड्या फोडल्या होत्या. त्याला मार बसला आणि मला पेढा मिळाला. मला आजतागायत कुणी एक धपाटा घातला नाहीये. तुम्ही सगळे फार करता माझ्यासाठी, मामाजी. पण मला नुसती पूजा नकोय. मला टोला हवाय."

गोपाळरावांना हे मनापासून पटलं. हाताला मात्र पटेना. शेवटी ते पूजा सांगणाऱ्या यज्ञेश्वरशास्त्रींकडे गेले. शास्त्रीबुवांनी पंचांग चाळलं, जानवं सारखं केलं आणि वाट काढली.

"मामाने मारणं पाप आहे. काकाने दटावलं, कान पिळला, तर शास्त्राची ना नाही. तुम्ही चाचणी होईपर्यंत काका व्हा. संकल्प सोडू, हो जाएगा."

पळीभर पाणी सोडून गोपाळराव काका झाले. रुचिराची आई जानकी, म्हणजे गोपाळरावांची धाकटी बहीण, हिला ते अजिबात रुचलं नाही. "दादा, तू तिचा काका, तर मी तुझी कोण? वहिनी? मग मी तुला राखी बांधलेली ती काय?" प्रमोदिनीबाईंनी तिची समजूत घातली की हे सगळं शनिवार दुपारपर्यंतच आहे. रुचिरा म्हणाली, "आजोबा झालात तरी चालेल. पण मारा."

आणि आश्चर्य म्हणजे उपाय लागू पडला. रजईचा कापूस उतरवलेल्या काठीने काका गोपाळरावांनी चौथ्या दिवशी बरा टोला दिला, पाचव्या दिवशी चांगला दिला. वेळ छत्तीसवर आली. गोपाळरावांच्या चालीतही फरक पडला. घरी ते रुचिराला चक्क म्हणाले, "जरा ते पाणी दे." प्रमोदिनीबाईंच्या हातून पोळी तव्यावरच करपली. फॉर्म द्यायची वेळ आली तेव्हा नात्याचा रकाना रिकामा होता. गोपाळरावांनी तिथे ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'चाचा'.

शनिवारी शर्यतीला दहा मिनिटं असताना नोंदणीच्या टेबलावरचे तिवारीजी कागद तपासत होते. त्यांनी सहज रुचिराला विचारलं, "बिटिया, ये कौन हैं आपके?"

"मामाजी," रुचिरा म्हणाली. बावीस वर्षांची सवय.

"फॉर्म में तो चाचा लिखा है।"

गोपाळरावांनी सगळं सांगितलं. संकल्प, शास्त्रीबुवा, कापूससुद्धा. तिवारीजींनी पेन खाली ठेवलं. ते पक्के इथलेच होते.

"बात तो आपकी सोलह आने सही है, भैया। हम अपनी भांजी से पानी का गिलास तक नहीं मँगाते। उस पर लाठी कैसे चला दें।" त्यांचे डोळे पाणावले. मग त्यांनी पेन उचललं. "पर कागज में गलत रिश्ता नहीं चलेगा।"

आणि त्यांनी 'चाचा' खोडून 'मामा' लिहिलं, वर शिक्का मारला.

सरकारी शिक्क्यापुढे संकल्प कुठला टिकणार? गोपाळराव तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा ते पुन्हा पूर्ण मामा होते. पलीकडे दामोदर सर दोन्ही हातांनी ठोकायच्या खुणा करत होते. जानकीने पदर डोळ्यांवर घेतला.

शिट्टी वाजली. रुचिरा निघाली. गोपाळराव पाहत होते. रोज ती अर्ध्या तलावानंतर जराशी मंद होई, एक हात पुढे चाचपत येई. आज ती मंद झाली नाही. भिंत दहा मीटरवर आली, सहावर आली, तरी हात आखडला नाही. टेबलावर काय खोडलं गेलं ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि तरी ती मान खाली घालून सरळ भिंतीवर चालून येत होती. मामा मारणारच, असं तिने धरलेलं होतं.

गोपाळरावांनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी काठी उचलली आणि हाणली. आवाज तिवारीजींच्या टेबलापर्यंत गेला. रुचिरा गर्रकन वळली आणि परत निघाली.

एक मिनिट चौतीस सेकंद आणि वर काहीतरी. निवड झाली.

ती बाहेर येईपर्यंत गोपाळराव धावत तिकडे पोचले होते आणि तिच्या पायांशी वाकले होते. "क्षमा कर, बेटा. फार जोरात लागलं असेल."

"जोराचं सोडा, मामाजी. उशिरा मारलंत."

"काय?"

"एक हात उशिरा. माझे पाय भिंतीवर नीट बसलेच नाहीत. अजून अर्धा सेकंद वाचला असता."

गोपाळराव हळूहळू सरळ झाले. "उशिरा? रोज येतेस बैलगाडीसारखी, आज आलीस मालगाडीसारखी. आधी सांगायचं नाही?"

"म्हणजे चूक माझी?"

"तुझीच. शंभर टक्के तुझी."

जानकीने पदर खाली घेतला. दादाचा असा चढलेला आवाज तिने भाचीसमोर कधी ऐकला नव्हता. "अरे, तिची निवड झालीय," ती मध्ये पडली. "भांडताय काय दोघं?"

"आई, तू थांब," रुचिरा म्हणाली.

"जानकी, तू थांब," गोपाळराव म्हणाले. "एक हात म्हणते ही. अर्धाही नव्हता. चल, दाखव कुठे हवा होता टोला तो."

"चला ना. आणि नॅशनलला असा गोंधळ चालणार नाही, आधीच सांगते."

"तू वेग सांभाळ, टोल्याचं मी पाहतो."

दोघं तावातावाने काठाकडे निघाली. रुचिराने मामांच्या दंडाला धरलं होतं आणि ती वर तोंड करून भांडत होती. निवड झाल्याचं ऐकूनही तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.