डाव्या दाराची रेघ

ठक्.

मागच्या पडवीत कुणीतरी वाटी फरशीवर टेकवली. दुपार अशी होती, की कोंबड्यासुद्धा गाडीखालची सावली धरून गप बसल्या होत्या, त्यामुळे तेवढाही आवाज घरभर फिरून आला. कुणालीने एक डोळा उघडला, शेजारची रिकामी उशी पाहिली आणि डोळा पुन्हा मिटला. मितू उठली असणार. पडलं नाही, फुटलं नाही, नुसतं टेकवलंय. चार वर्षांच्या मुलीच्या आईला आवाजावरून एवढं कळतं आणि तेवढ्या भरवशावर ती आणखी थोडी झोप उरकून घेते.

आज तर तिला झोपेचा हक्कच होता. सकाळी ती किन्हवलीहून थेट सिद्धगडाच्या पायथ्याशी, आपल्या माहेरी, गाडी चालवत जाऊन आली होती. शेजारच्या सीटवर सासू अंबूबाई, मागे मितू, आणि स्टिअरिंगवर स्वतः. एरवी हेच जायचं म्हणजे एसटी, मग मुरबाडला जीप, आणि जीपमध्ये मितूला उलटी. त्यापायी पूर्ण पावसाळा आणि अर्धा हिवाळा ती माहेरी फिरकली नव्हती. तिथे आई एकटी असते. आईने आज गाडीच्या बॉनेटवर, वासराच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला आणि विचारलं होतं, "मंग आता येशील ना गो अधनंमधनं?" कुणाली मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "आता काय, चावी माझ्याकडं हाय."

चावीला एक अट होती. कुणालीचा नवरा स्वरूप भिवंडीला गोदामात कामाला. आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. गर्द निळ्या रंगाची ही जुनी गाडी त्याने हौसेने घेतली होती. गेल्या रविवारी एक चावी बायकोच्या हातावर ठेवताना तो म्हणाला होता, "चालव. पन ज्याच्या हातनं गाडीला ओरखडा येईल, त्याची चावी जमा. मग मी का असंना." शेवटचं वाक्य तो जरा हळू बोलला होता, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसरी सूचना गाडी लावण्याची. उजवी बाजू भिंतीला खेटून. "त्या बाजूला ऊन लागतं, रंग उडतो." त्यामुळे कुणालीला डाव्या दारातून शिरून, गिअरवरून साडी सावरत ड्रायव्हरच्या सीटवर जावं लागे. अंबूबाई ओट्यावरून बघत म्हणायच्या, "ह्याला रंगाची येवढी काळजी कंदीपासनं? घराच्या भिंतीला चुना नाय कवाचा." पण त्याच रविवारी स्वरूपने उजव्या मागच्या दारावर फुलांच्या वेलीत 'मितू' लिहिलेलं लांबलचक स्टिकर लावलं होतं. बापाच्या त्या मायेपुढे कुणालीने साडीचं मनावर घेतलं नाही.

ऊन उतरल्यावर ती कपडे काढायला अंगणात आली आणि दोरीपाशीच थांबली.

गाडीच्या डाव्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक पांढरी रेघ होती. मागच्या दारापासून निघून नागमोडी वळणं घेत ती पुढच्या दारावर संपत होती, आणि संपते तिथे पाच-सहा ठिपके.

कुणालीला लगेच ते वळण आठवलं. समोरून जीप आली तशी तिने गाडी कडेला घेतली होती, आणि कडेला करवंदीची जाळी होती. रेघ म्हणजे फांदी. ठिपके म्हणजे काटे. हात लावून बघायचाही तिला धीर झाला नाही. जखम बघणारे तिला हात लावत नाहीत, तसं.

"आई," तिने हाक मारली. "जरा बाहेर या ना."

अंबूबाई स्वयंपाकघरातून कुरकुरतच आल्या. "वाटीत घावनाचा पीठ काढून ठेवला व्हता, आर्धा गायब. त्या मांजरीला एक दिवस बगते मी." मग सुनेचा चेहरा पाहून त्यांनी पदराने चष्मा पुसला, वाकून रेघ पाहिली, आणि मांजर विसरल्या. "आगो माझे बाय. ह्या कंदी झाला?"

"आजच. करवंदीला घासली वाटतं. परवा हे येतील, आनी माझी चावी जाईल."

अंबूबाई सावकाश सरळ झाल्या. चावी गेली, की मुरबाडचा गुडघ्याचा डॉक्टर गेला. पुढच्या सीटवर बसून, काच खाली करून, ओळखीच्या बायांना हात दाखवणंही गेलं. "नाय जाणार," त्या म्हणाल्या. "त्याला सांगतंय कोन?"

शहापूरला गाड्यांचं रंगकाम करणारा पंढरी स्वरूपच्या ओळखीचा होता, पण कुणालीचाही शाळेतला होता. तिने त्याला फोटो पाठवला. उलट निरोप आला तो त्याच्या आवाजात, मागे हातोडीची ठोकाठोक. "रेघ लांब हाय, कुणाली. पत्रा उघडा पडला आसंल. एक कर, पानी अजिबात लावू नको. गंज धरंल. कोरडाच ठेव, सोमवारी घेऊन ये."

"सोमवारी घेऊन काय करू," कुणाली फोनला म्हणाली, पण निरोप केव्हाच संपला होता.

"पानी नको म्हंतो ना?" अंबूबाईंनी विचारलं. "कोरडाच ना? बरा."

शुक्रवारी पहाटे अंगणातून खस् खस् असा आवाज येऊ लागला. कुणाली धावत बाहेर आली, तर अंबूबाई पाटावर बसून, देवाची समई घासावी तशा गाडीचं दार घासत होत्या. एका हातात नारळाचा काथ्या, दुसऱ्या हातात चुलीतली राख.

"आई, थांबा."

"झाला की. बग, गेली."

खरंच गेली होती. रेघ नाही, ठिपके नाहीत. कुणालीने सासूला तिथेच, पाटावर, आल्याचा चहा आणून दिला. दोघींनी मिळून तो शांतपणे प्यायला. तेवढ्यात ऊन अंगणात आलं आणि दारावर पडलं. जिथे रेघ होती तिथे आता एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, हातभर रुंद, राखाडी पट्टा पसरला होता. बाकीच्या गाडीत आकाश दिसत होतं. त्या पट्ट्यात काहीच दिसत नव्हतं.

पंढरीने नवा फोटो पाहून लगेच फोन केला. "काल रेघ व्हती, आज आभाळ आलंय. काय केलंस काय?"

"राखेनं घासलं."

"कोनी?"

"ते जाऊ दे. आता काय करायचं ते सांग."

"दोन गोष्टी हायेत," पंढरी म्हणाला. "एक, रंग मारायचा. पन नुसती दोन दारं रंगवली, की ती नवी दिसनार न् बाकीची गाडी म्हातारी. मंग तुला वाटनार बॉनेट पन मारू. मंग छप्पर. मंग आख्खी गाडी माझ्याकडं आठवडाभर पडून. दुसरी, रबिंग न् पॉलिश. हाय तोच रंग घासून वर आनायचा. जुना जुन्यासारखाच दिसंल, पन एकसारखा दिसंल."

अंबूबाई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "रंगच मार रं. आमी भिंतीचा कोपरा उकरला तरी आख्खी भिंत सारवतो."

"भिंत कोन नेऊन आनतो का, आत्या? स्वरूपला गाडी दारात नाय दिसली तर?"

रबिंगला तरी गाडी शहापूरला न्यायला हवी, आणि पंढरी दोन दिवस हळदीला आणि लग्नाला. "सोमवारपर्यंत दम काढा," असं सांगून त्याने फोन ठेवला.

दम काढायचं काम अंबूबाईंनी खोबरेल तेलावर सोपवलं. कोरड्या केसांना जे चालतं ते कोरड्या रंगाला का नाही, असा त्यांचा साधा हिशेब. तेल लावलं, आणि पट्टा चक्क काळाभोर चमकायला लागला. कुणाली इतकी खूश झाली, की तिने सासूचे गुडघेही त्याच तेलाने चोळून दिले. दुपारी वारा सुटला. संध्याकाळी पाहिलं तर पट्ट्यावर अंगणातली सगळी धूळ बसली होती, त्यात भाताचा कोंडा होता, आणि मधोमध कोंबडीचं एक पीस.

"आता एकच इलाज," कुणाली म्हणाली. "गाडी फिरवायची. ही बाजू भिंतीला."

अंबूबाई पुढे उभ्या राहून "ये, ये, आजून ये" करत होत्या, आणि कुणालीने अंगणातल्या अंगणात गाडी पुढेमागे करत ती फिरवली. फाटक, तुळस, कोंबड्यांचा खुराडा, कशालाही धक्का नाही. गाडी इतकी सुंदर तिने आजवर चालवली नव्हती, आणि हे ती कुणाला सांगू शकत नव्हती.

शनिवारी संध्याकाळी स्वरूप फाटकातून आत आला आणि पिशवी हातात तशीच ठेवून उभा राहिला. गाडीची उजवी बाजू अंगणाकडे होती. मावळतीचं ऊन 'मितू'च्या वेलीवर पडलं होतं.

"गाडी कोनी फिरवली?"

"मी," कुणाली म्हणाली. "डाव्या बाजूला ऊन लागत होतं. रंग उडतो."

स्वरूपने बोलायला तोंड उघडलं. पण हे वाक्य त्याचंच होतं, त्याला मोडता येईना. "बरं. मी परत नीट लावतो," तो म्हणाला आणि मागे किती जागा आहे ते बघायला भिंतीच्या बाजूला निघाला.

"तिकडं नको जाऊस," अंबूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "काल इंचू निगाला तिकडं."

"केवढा?"

"बराच व्हता."

स्वरूप परतला, पण घरात आला नाही. गाडीच्या मागच्या दाराला, 'मितू'च्या वेलीवरच पाठ टेकवून उभा राहिला. चहा तिथेच मागितला. मितूने बिस्किटाचा पुडा विचारला, तर पिशवीच तिच्याकडे सरकवली, जागचा हलला नाही. कुणाली बशी हातात धरून त्याच्याकडे बघत होती. हा माणूस आठवड्याने घरी आलाय आणि आईच्या पाया पडायच्या आधी गाडीला टेकून उभा आहे, हे तिला समजत नव्हतं.

मितू बापाच्या पायाशी बसली होती. एका हातात बिस्कीट, दुसऱ्या हाताच्या नखाने ती आपल्या नावाच्या वेलीचा कोपरा उचकटत होती. स्वरूपच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. चर्रकन आवाज आला आणि फुलं, पानं, 'मितू', सगळं तिच्या हातात आलं.

खाली ओरखडा होता. खरा ओरखडा. तीन बोटं रुंद, पत्र्यापर्यंत गेलेला, आणि त्यावर निळ्या नेलपॉलिशचे हात मारलेले.

"माझी नेलपॉलिश," कुणाली हळूच म्हणाली. "मी आठवडाभर शोधते."

स्वरूप चहाकडे बघत म्हणाला, "फाटकाचा खांब. गेल्या रविवारी. रिव्हर्स घेत व्हतो."

"खांब आडवा आला आसंल," अंबूबाई म्हणाल्या.

स्वरूपने खिशातून आपली चावी काढली आणि कुणालीच्या हातावर ठेवली. अट त्याचीच होती. कुणालीने कमरेची आपली चावीही काढून दोन्हींवर मूठ मिटली. मग तिला एकटीला जिंकणं बरं वाटेना. ती त्याला भिंतीच्या बाजूला घेऊन गेली. विंचू नव्हता. स्वरूपने तो पट्टा पाहिला, धूळ, कोंडा, पीस. बोट फिरवून वास घेतला.

"खोबरेल?"

"आईंनी लावलं."

तो खांदे हलवत हसू लागला, मग कुणालीही. "आख्खी रंगवूनच टाकू," तो डोळे पुसत म्हणाला.

"आता कशाला?" ओट्यावरून अंबूबाई म्हणाल्या. "दोन्ही अंगांनी सारकी झाली ना."

सोमवारी रबिंगला न्यायची असं ठरलं. कुणालीच चालवत नेणार, अंबूबाई पुढे बसणार. तेवढ्यात मितू त्या दोघांच्या पायांमधून वाट काढत भिंतीकडच्या फटीत शिरली. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत तिने खाली वाकून नीट पाहिलं.

"माझा रस्ता कुठं गेला?"

"कुठला गो रस्ता?" स्वरूपने विचारलं.

"मी काडलेला. घावनाच्या पिठानी. आमच्या अंगणवाडीच्या बाई काडतात ना, भिंतीवर, काडी बुडवून." ती मागच्या दाराशी गेली. "हितं आपलं घर." मग पट्ट्यावरून बोट नागमोडी नेत पुढच्या दाराशी. "हितं सिद्धगडच्या आजीचं. आनी ह्या तिच्या शेळ्या होत्या."

ओट्यावर अंबूबाईंनी राखेने काळवंडलेली आपली बोटं पदराखाली घेतली. साध्या ओल्या फडक्याने गेलं असतं, असं कुणीच कुणाला म्हणालं नाही. कुणाली खाली बसली. तिने लेकीच्या बोटाला लागलेलं तेल आपल्या पदराला पुसलं. मितू मात्र अजून दाराकडेच बघत होती, जिथे काल-परवापर्यंत शेळ्या होत्या.

"कोनी पुसला?" तिने विचारलं. मग, दोन्ही चाव्या मुठीत धरून बसलेल्या आईकडे वळून, "आता आपन आजीकडं कुठनं जायचं?"