मोटारीला पांघरूण

पाण्याच्या मोटारीला रजई गुंडाळायची, हा निर्णय जावईबापूंनी बायकोला न विचारता घेतला. (एरवीचे निर्णय ते बायकोला विचारून घेत, म्हणजे बायकोच घेई.)

कारण सासरेबुवा. जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. आता दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला आले होते. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून जावयाबद्दल एक बरा शब्द निघाला नव्हता. कचेरीत टपालाच्या नोंदी करणाऱ्या बिचाऱ्या जावईबापूंना तेवढा एक शब्द हवा होता. त्यासाठी ते काहीही करायला तयार होते आणि घात तिथेच झाला.

दुपारी जेवताना सासरे म्हणाले, "मोटार जेवढी वीज खाते, तेवढं काम करत नाही. बाकीची उष्णता होऊन बाहेर जाते."

"म्हणजे वायाच की, बाबा!"

"तर काय!" म्हणून सासरे आडवे झाले.

जावईबापूंचं डोकं चाललं. (ते क्वचित चालतं, पण चाललं की कुणाला आवरत नाही.) उष्णता बाहेर जाते ना? मग जाऊच द्यायची नाही! जिन्याखालच्या मोटारीला त्यांनी जुनी रजई गुंडाळली, मागचा पंखासुद्धा नीट झाकला, सुतळीचे चार वेढे दिले आणि बटण दाबलं. आवाजही कमी झाला. त्यांना अगदी धन्य वाटलं.

थोड्या वेळानं घरभर करपट वास सुटला.

"अहो, गॅसवर माझं काही नाहीये!" बायको ओरडली.

सासऱ्यांनी डोळेही उघडले नाहीत. "वाइंडिंग गेलं," म्हणाले आणि टुणकन उठून बसले.

रजई सोडली तर आतून धुराचा लोट आला.

"अहो, तो पंखा कशासाठी असतो? ताप बाहेर टाकायला! आत कोंडलात, मग तार जळणारच," सासरे म्हणाले.

जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळाला थेंब नाही, बायको बोलत नाही आणि सोळा वर्षांची आशा डोळ्यांदेखत धुरात गेली.

सासरे मात्र खुशीत! कित्येक महिन्यांनी त्यांनी बाह्या सरसावल्या, जेवणाच्या टेबलावर मोटार उघडली आणि काळी तार उपसता उपसता ते चक्क गुणगुणू लागले. मग थांबून त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

"जावईबापू, तुमच्याबद्दल माझं मत चुकलंच."

जावईबापूंनी लगबगीनं खुर्ची पुढे ओढली.

"मला वाटायचं, तुमचा कुणाला काही उपयोग नाही. पण तुमच्यासारखी माणसं घरोघरी होती, म्हणून तर चाळीस वर्षं माझं दुकान चाललं!"