नवख्यास पहिला अल्बम सुचविण्याची कार्यपद्धती

कोणताही समाज किती सुधारलेला आहे, हे तो आपल्या दारात आलेल्या अजाण माणसाला किती वेळ ताटकळत ठेवतो यावरून ठरतं. या कसोटीवर सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट रस्त्यावरचं वेंडेल हॅस्किन्सचं जुन्या रेकॉर्डींचं दुकान पृथ्वीवरच्या अतिप्रगत संस्थांमध्ये मोडतं, असं मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. मी मिरजेच्या पाटबंधारे कार्यालयात उभी हयात काढून मग लेकीकडे इथे आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा ताटकळत ठेवण्यातलं मला थोडंफार कळतं.

दुकानात प्रामुख्याने सायकेडेलिक रॉक मिळतं. (या प्रकारात गिटार वाजवणाऱ्याला गाणं संपवण्याची घाई नसते आणि ऐकणाऱ्याला घरी जाण्याची.) हे संगीत या गावातच वाढलं, म्हणून इथल्या म्हाताऱ्यांना ते आपल्या पोटच्या पोरासारखं वाटतं. परक्याने त्याच्याकडे पाहिलं की ते आधी त्याची चौकशी करतात.

ही चौकशी करणारं एक सल्लागार मंडळ दुकानात शेगडीजवळच्या फाटक्या सोफ्यावर बसतं. ते कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे ते कुणाला बरखास्तही करता येत नाही. मंडळात तीन सभासद आहेत. ड्वाइट लिंडक्विस्ट हे निवृत्त दंतवैद्य. पांढरी शेंडी पाठीवर सोडलेली, आणि रेकॉर्ड कोणत्या सुईने वाजवावी याबद्दल त्यांची मतं अशी, की ऐकताना आपोआप दाढ ठणकावी. अर्ल टिबेट्स हा निवृत्त पोस्टमन, त्याच्याकडे ‘पूर्वपीठिका’ हा विषय. तिसरा मी.

माझी नेमणूक गुणवत्तेवर झाली. थंडीचा आडोसा म्हणून मी एकदा आत शिरलो होतो. गाव कुठलं असं अर्लने विचारलं, मी मिरज म्हटलं, आणि सतारी तिथेच बनतात असं भाबडेपणाने वर सांगून बसलो. झालं! या संगीतातल्या निम्म्या गिटारी सतारीसारख्या वाजायला बघतात म्हणे, तेव्हा अस्सल माणूस मिळाला म्हणून मला तिथल्या तिथे सोफ्यावर जागा झाली. सतारमेकरांच्या गल्लीशी माझा संबंध एवढाच, की तिथून सायकल नेली तर भोपळ्याच्या भुशाने शिंका येत. पण मंडळात मला ‘प्रोफेसर’ म्हणतात. कुणी काही विचारलं की मी डोळे मिटून ‘हं’ म्हणतो, आणि सगळे बराच वेळ गप्प राहतात. पाटबंधाऱ्यात असा मान कधी मिळाला नाही हो.

मंडळाची कामगिरी आकड्यांतच बोलते. आजवर आलेल्या नवख्यांपैकी शंभर टक्के नवख्यांना मार्गदर्शन लाभलं आहे. (अल्बम लाभलेल्यांची टक्केवारी वेगळी काढण्याची पद्धत नाही.)

तर जुलैतल्या एका शनिवारी, म्हणजे या गावच्या हिशोबाने भर थंडी-धुक्यात, एक तरुण बाई दुकानात आली. नाव मारिसोल किंतेरो. तिने सोफ्याकडे न बघता थेट गल्ल्यावरच्या वेंडेलला विचारलं, ही तिची पहिली चूक.

“मला एक अल्बम हवाय,” ती म्हणाली. “गिटारचा, ते सायकेडेलिक का काय म्हणतात तसला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण उद्या दुपारच्या जेवणाआधी ऐकून व्हायला हवा.”

वेंडेलचे डोळे लकाकले. त्याचा हात फडताळाकडे गेलाही असेल. पण तोवर मंडळ उठून उभं राहिलं होतं.

“जेवणाआधी?” अर्ल म्हणाला. “पोरी, असं काय घडलंय उद्याच्या जेवणात?”

मग तिने सगळं सांगितलं. टेडी नोव्हाक नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरायच्या बेतात होतं. उद्या त्याच्या वडिलांकडे, आउटर सनसेटला समुद्राच्या बाजूला, पहिल्यांदाच जेवायला जायचं. वडील गस नोव्हाक, जन्मभर केबल कार, म्हणजे इथली रस्त्याखालच्या तारेने ओढली जाणारी ट्राम, चालवून निवृत्त झालेले. ते या संगीताखेरीज कशावरही बोलत नाहीत, आणि या संगीतावर बोलायला त्यांना कुणी मिळत नाही, म्हणून ते बोलतच नाहीत. टेडीची मागची मैत्रीण जेवता जेवता म्हणाली होती, ‘मला बाई ही सगळी गिटार सारखीच वाटते.’ गस काही न बोलता उठून गॅरेजमध्ये गेले ते गोड वाढेपर्यंत आलेच नाहीत. ते लग्न पुढे झालं नाही.

“मला टेडी फार आवडतो हो,” मारिसोल म्हणाली. “आणि त्याला वडील फार आवडतात. मला फक्त त्या माणसाशी दोन शब्द बोलता यायला हवेत. एकच अल्बम. प्लीज.”

एवढी निकड पाहून मंडळ गहिवरलं आणि मार्गदर्शनाला तत्काळ सुरुवात झाली.

“पहिला प्रश्न,” ड्वाइट म्हणाले. “ऐकणार कशावर?”

“फोनवर.”

वेंडेलने वाजत असलेली रेकॉर्ड थांबवली. कुणी गेल्याची बातमी आली की थांबवतात, तशी. ड्वाइटनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि सुई, सुईचा दाब, सुई धरणाऱ्या बाहूचा तोल आणि एका कानाची (मोनो) रेकॉर्ड दोन कानांच्या (स्टीरिओ) रेकॉर्डीपेक्षा कशी श्रेष्ठ यावर प्राथमिक माहिती दिली. प्राथमिक माहिती संपली तेव्हा मारिसोल जबडा चोळत होती.

“पण अल्बम कुठला?”

“आता कसं बोललीस!” अर्ल पुढे सरसावला. “बघ, ही गिटार अशी का किंचाळते, हे कळायला आधी ती साधी कशी रडायची हे ऐकलं पाहिजे. म्हणजे ब्लूज. ब्लूज किती ऐकलंयस?”

“थोडं. एका हॉटेलात.”

“हॉटेलात!” अर्लने मान हलवली. “मग आधी दक्षिणेकडचं जुनं ब्लूज ऐक. म्हणजे उत्तरेकडचं कळेल. ते कळलं की इंग्लंडातल्या पोरांनी त्याचं काय वाटोळं केलं ते कळेल, आणि मग त्या वाटोळ्यातून हे कसं उगवलं ते. तोवर तू मनाने तयार होशील.”

“अहो काका, उद्या जेवण आहे!”

“कुठल्या वर्षी उद्या, ते तू ठरव.”

इथे वेंडेलने हळूच एक रेकॉर्ड काउंटरच्या खालून तिच्या दिशेने सरकवली. ड्वाइटनी ती दुरूनच ओळखली.

“वेंडेल! ती नंतरच्या खेपेची आहे, मूळ छापाची नव्हे. पहिल्याच दिवशी हिला असलं पाजणार?”

“अरे, दुकान माझं आहे ना?” वेंडेल काकुळतीला आला होता.

“म्हणूनच तुला लाज वाटायला हवी.”

आता इथे मंडळाचा मूलभूत नियम सांगणं भाग आहे. जो अल्बम सगळ्यांनी ऐकलाय तो सुचवणं म्हणजे नवख्याचा अपमान. जो कुणीच ऐकलेला नाही तो सुचवणं हाच खरा सन्मान, पण तो मिळत नाही. मिळाला, तर तो कुणीतरी ऐकलेला आहे असं सिद्ध होतं आणि त्यामुळे बाद होतो. ही छाननी इतकी काटेकोर आहे की तिच्यातून आजवर एकही अल्बम निसटलेला नाही. मी पाटबंधाऱ्यात कालव्यांच्या मंजुऱ्या बघितल्या आहेत, पण इतकं निर्दोष काम बघितलं नाही.

शेवटी तिने माझ्याकडे बघितलं. “आणि तुम्ही? तुम्ही तरी एक नाव सांगा ना.”

सगळ्यांचे कान माझ्याकडे लागले. मी डोळे मिटले. “आलापाला घाई करू नये,” मी म्हणालो.

“वा, प्रोफेसर,” ड्वाइट पुटपुटले.

मारिसोल उठली. तिचे डोळे भरून आले होते. “ठीक आहे,” ती म्हणाली. “मी म्हणजे मागचीपेक्षाही वाईट. ती निदान सारखीच वाटते म्हणण्याइतकं तरी ऐकून होती.” आणि ती धुक्यात निघून गेली.

मला चैन पडेना. मीही मुलीचा बाप आहे. मी तिच्या मागे बस थांब्यापर्यंत धावलो, एक नाव, फक्त एक नाव सांगावं म्हणून. ती आशेने वळली. मी तोंड उघडलं आणि तोंडातून शब्द आला, “आधी...” तेवढ्यात बस आली.

(सवय माणसात किती खोल मुरते याची नोंद शास्त्रज्ञांनी घ्यावी.)

पुढच्या शनिवारी दार उघडलं आणि मारिसोल आत आली. तिच्यामागे चारचौघांत उठून दिसेल असा उंच, पडलेल्या खांद्यांचा म्हातारा. हाताचे पंजे केबल कारचा दांडा ओढून ओढून फावड्याएवढे झालेले. आम्ही काय ते ओळखलं. ड्वाइटनी शेंडी पुढे घेतली, मागे टाकली, पुन्हा पुढे घेतली.

“हेच का ते?” गस नोव्हाकनी तिला विचारलं.

“हेच,” ती म्हणाली, आणि जेवणाचं काय झालं ते तिनेच सांगितलं. कोंबडी वाढून झाली होती. मध्येच गसनी मान वर न करता विचारलं, “तू काय ऐकतेस?” टेडीच्या हातातला काटा खाली पडला. मारिसोलला वाटलं, आता खोटं बोलून काय मिळणार? ती म्हणाली, “काहीच नाही. दुकानात गेले होते, पण ते म्हणाले माझी अजून तयारी नाही.”

“काहीच नाही?” गसनी सुरी खाली ठेवली. “एकही नाही? रेडिओवर, कुणाच्या गाडीत?”

“आठवत तरी नाही.”

“आणि हा माणूस,” मारिसोल आम्हाला सांगत होती, “जाग्यावरून असा उठला की मला वाटलं, संपलं सगळं. गॅरेजकडे निघालेच की! दारात थांबून मागे वळले आणि म्हणाले, ‘तू येतेस ना?’”

कोंबडी गार झाली. टेडी एकटाच जेवला. गॅरेजमध्ये गसनी तिला एकुलती एक बरी खुर्ची दिली, रेकॉर्ड लावली, आणि सगळा वेळ रेकॉर्डीकडे न बघता तिच्याकडे बघत राहिले. गिटार सुरू झाली तशी ती दचकली, मग हसली, मग कधीतरी तिने डोळे मिटून घेतले. रेकॉर्ड उलटवताना गस म्हणाले, “मला ही पुन्हा पहिल्यांदा कधीच ऐकता येणार नाही. कुणीतरी ऐकताना बघायला मिळावं म्हणून किती वर्षं थांबलो, माहितेय? घरात येणारा प्रत्येक जण आधीच काहीतरी ऐकून आलेला.”

आता दर रविवारी एक. लग्न ऑक्टोबरात आहे.

सोफ्यावर सुतक पडलं. आम्ही काय गमावलं ते हळूहळू आमच्या ध्यानात येत होतं. काहीही न ऐकलेलं माणूस, या शहरात, या घडीला, अख्खी सकाळ आमच्या ताब्यात होतं आणि आम्ही त्याला सुईबद्दल सांगत बसलो होतो.

ड्वाइटनी मात्र धीर केला. “कुठला लावलात?”

मारिसोलने नाव सांगितलं.

“तो?” ड्वाइट जवळजवळ ओरडले. “तो तर सगळ्यांनी ऐकलाय!”

“हिने नव्हता ऐकला,” गस म्हणाले आणि वेंडेलकडे वळून पुढच्या रविवारचा मागू लागले. वेंडेलने तो असा झटकन काढून दिला की आम्हाला हरकत घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

झाल्या प्रकाराची मंडळाने गंभीर दखल घेतली आहे. त्याच बैठकीत एकमताने ठरलं, की यापुढे येणाऱ्या प्रत्येक नवख्याला काहीएक न विचारता खुर्चीवर बसवायचं आणि सरळ एक अल्बम ऐकवायचा. तो कोणता, यावर चर्चा सुरू आहे. दरम्यान आलेल्या नवख्यांना बाहेर थांबायला सांगितलं आहे.

आता तुम्ही. ज्यांना या संगीतातलं कळतं ते मघापासून मनात म्हणताहेत, ‘मी असतो तर सरळ अमुकच सुचवला असता.’ त्यांच्यासाठी सोफ्यावर जागा करतो, या. आणि ज्यांना कळत नाही ते एवढं सगळं वाचून एकाच गोष्टीसाठी थांबलेत, की गसनी लावला तो अल्बम कुठला. सांगतो ना, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

फक्त आधी मला सांगा, ऐकणार कशावर?

फोनवर?

असं. बसा जरा.