खोका क्रमांक चारशे सात

संजीवनी म्हणजे नेमकं कुठलं झाड, हे शोधून काढायला मला तीन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी तर दुपारी चारलाच काम आटोपलं! मोठमोठ्या पंडितांनी ह्या प्रश्नापायी हयात घालवली, एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं, जाडजूड ग्रंथ लिहिले. आणि मी? चहा पिता पिता!

तुम्ही म्हणाल, हा कोण टिकोजीराव लागून गेला? सांगतो. मी वाळलेल्या झाडांच्या संग्रहालयात नोकरीला आहे. लोक रानावनातून झाडं आणतात, आम्ही ती वाळवतो, कागदावर चिकटवतो, नावाची चिठ्ठी लावतो आणि कपाटात बंद करतो. तेवीस वर्षं मी डिंक लावतोय. पण डिंक वाळेपर्यंत माणूस वाचू शकतो! मेलेल्याला उठवणाऱ्या त्या वनस्पतीची लक्षणं मी जुन्या पुस्तकांतून वहीत उतरवली. उघड्या खडकावर उगवते, उन्हात मेल्यासारखी मुठी आवळून पडते आणि पाणी लागलं की उठून बसते. अशी वनस्पती आमच्याच कपाटात होती! खोका क्रमांक चारशे सात. मुठीएवढा तपकिरी गोळा, एकेचाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी आणलेला.

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मेलेल्याला उठवते ना? मग आधी बाल्कनीतला गुलाब उठवा. तुमच्याच हातून गेलाय."

"गुलाबाचं मरण वेगळं असतं."

"हो, दोन महिने पाणी न मिळाल्याचं!"

घरच्यांना काय कळणार संशोधन! खरा प्रश्न बुधवारचा होता. आमच्या विभागाचे प्रमुख निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागेसाठी दोनच माणसं होती. एक मी, दुसऱ्या नेचेताई. ह्या बाई आयुष्यभर नेच्यांवर, म्हणजे फर्नवर, काम करताहेत, म्हणून आम्ही त्यांना मागून नेचेताई म्हणतो. पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा बाणा. पाऊस पडतोय का असं विचारलं, तर आधी खिडकीतून हात बाहेर काढून बघतात आणि मग सांगतात, "ह्या खिडकीबाहेर तरी पडतोय."

आता खोटं कशाला बोलू, मला ती जागा हवी होती. पगारासाठी नाही. त्या जागेवरच्या माणसाला सगळे 'सर' म्हणतात, अगदी फाटकावरचा पहारेकरीसुद्धा. मला तेवीस वर्षांत सगळे 'अहो' म्हणत आले. "अहो, जरा डिंक द्या." "अहो, खिडकी लावा." बास झालं!

बुधवारी समिती बसली. समिती म्हणजे दोघंच. एक आमचे साहेब, म्हणजे अख्ख्या संग्रहालयाचे संचालक, ज्यांना तीन आठवडे खोकला होता, आणि दुसरे बाहेरून बोलावलेले टकले प्राध्यापक. मी सुरुवातीलाच सगळ्यांसमक्ष तो गोळा काचेच्या भांड्यात कोमट पाण्यात सोडला आणि वर रुमाल टाकला. मग नेचेताईंनी आपलं काम मांडलं. दोन वेगळे समजले जाणारे नेचे प्रत्यक्षात एकच आहेत, हे त्यांनी अकरा वर्षं खपून सिद्ध केलं होतं. म्हणजे जगात होता तोही एक नेचा कमी केला! प्राध्यापकांनी तीन जांभया दिल्या. मी मोजल्या.

माझी पाळी आली. मी लक्षणं वाचली, आवाज चढवला आणि रुमाल खेचला.

गोळा उमलला होता! आवळलेल्या मुठी सुटून पानं थाळीसारखी पसरली होती. मला तर ती हिरवीसुद्धा दिसली!

"वा!" प्राध्यापक खुर्चीतून उठलेच. "एकेचाळीस वर्षांनी!"

"कमाल आहे!" साहेब खोकत म्हणाले. "अहो, मग ह्या पाण्यातही गुण उतरला असेल?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कौतुकाची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं.

"उतरला असेल? साहेब, पूर्वीचे लोक हे पाणीच तर प्यायचे!"

"खोकल्यावर चालतं?"

"खोकल्यावर तर रामबाण!"

"आणि बाहेरून लावलं तर?" प्राध्यापकांनी नकळत टकलावरून हात फिरवला.

"केसांना? अहो, विचारूच नका!"

साहेबांनी चहाचा कप रिकामा करून भांड्यात बुडवला. मी कृतार्थ होऊन रिकामा खोका आवरायला घेतला. तो उलटा झाला आणि तळाचा जांभळा शिक्का दिसला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

वाळलेल्या झाडांना कीड लागते. म्हणून जुने नमुने पाऱ्याच्या विषारी द्रावणात बुडवून ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. बुडवले की खोक्याच्या तळाशी शिक्का मारायचा. 'विषप्रक्रिया झाली.' खाली तारीख आणि बुडवणाऱ्याची सही. हे काम नवीन माणसाला देत. तेवीस वर्षांपूर्वी नवीन माणूस कोण होता, हे मी वेगळं सांगायला नको.

"साहेब, थांबा! हे जेवणाआधी घेत नाहीत."

"मी जेवून आलोय."

"जेवल्यावर तर मुळीच नाही!"

"मग कधी घेतात?"

"मधे."

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मधे म्हणजे?"

"म्हणजे... गाळायला हवं, साहेब! न गाळता चालत नाही!"

प्राध्यापकांनी तत्परतेने खिशातला धुतलेला रुमाल काढला, पाणी गाळून दिलं आणि पिळताना ओले झालेले हात स्वतःच्या डोक्यावर पुसले. साहेबांनी कप उचलला. आता बोललो तर जागा जाणार. नाही बोललो तर साहेब जाणार. क्षणभर, एकच क्षणभर, मी विचार केला हे कबूल करतो. साहेबांच्या निवृत्तीला अजून नऊ वर्षं होती.

"विष आहे ते!" मी ओरडलो.

कप खाली पडून फुटला. प्राध्यापक बेसिनकडे असे धावले, की त्यांचा चष्मा जागेवरच राहिला. नळाखाली डोकं घालून ते "साबण! साबण!" असं ओरडत होते. साहेब पांढरेफटक पडले होते.

"कोणी घातलं विष?"

"खाली सही आहे, साहेब."

"कोणाची?"

"अक्षर सुवाच्य आहे."

"अहो, कोणाची?"

"माझी."

बुडत्याला काडीचा आधार म्हणून मी भांड्याकडे बोट दाखवलं. "पण साहेब, वनस्पती तर जिवंत झाली ना! एवढं विष पचवून!"

तेव्हा ह्या गोंधळात नेचेताई पहिल्यांदा बोलल्या. उठल्या, हातमोजे चढवले, चिमट्याने एक पान उचललं आणि भिंगातून बघितलं.

"मेलेली आहे. खडकावरची ताजी असती तर उठलीही असती. ही मेली तरी ओल लागली की उघडते. ओलीने दार फुगतं, म्हणून ते जिवंत होतं का?"

जागा कोणाला मिळाली, हे विचारून तुम्ही मला आणखी लाजवणार नाही, अशी आशा आहे. फाटकावरचा पहारेकरी आता नेचेताईंना सलाम करून 'मॅडम' म्हणतो. टकले प्राध्यापक ठणठणीत आहेत, केस मात्र आले नाहीत. साहेबांचा खोकला त्या क्षणी थांबला तो परत आला नाही, आणि ते भेटेल त्याला सांगत सुटले आहेत, "संजीवनी ती संजीवनीच! न पिताच एवढा गुण, प्यालो असतो तर काय झालं असतं!" काय झालं असतं ते मला माहीत आहे, पण मी बोलत नाही.

नव्या प्रमुखांनी पहिल्याच दिवशी मला बोलावलं. वाटलं, आता नोकरी जाते.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही नमुना ओळखलात. मग नियमाप्रमाणे खोक्यावर चिठ्ठी लावायला हवी."

"मॅडम, पण ते चुकलं होतं."

"म्हणून काय झालं? चुकलेली चिठ्ठीसुद्धा लावतात. आणि एकदा लावलेली चिठ्ठी आपण कधीच काढत नाही. पुढच्या लोकांना कळायला हवं, कोण कुठे फसलं ते. लिहा."

आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, मी लिहिलं. 'ही संजीवनी असल्याचे मत.' पुढे माझं पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. 'प्रात्यक्षिकात उघडली. जिवंत झाली नाही. एका व्यक्तीचा खोकला थांबला. कारण: भीती.'

आमचे खोके दोनदोनशे वर्षं टिकतात. आजूबाजूचे सगळे जातील, साहेब जातील, मी जाईन, पण खोका क्रमांक चारशे सात कुणी उघडला की मी तिथे हजर! कधी त्या बाजूला आलात तर बघून जा. चिठ्ठी अगदी सरळ लागली आहे. तेवीस वर्षांचा हात आहे म्हटलं!