पेटीपुढे बूट काढणारे वाघचौरे

आमच्या कंपनीत एका खोलीबाहेर सेफ्टी शूजची एक जोडी नेहमी काढून ठेवलेली असते. नवे पाहुणे ती पाहून आपोआप हात जोडतात. त्यांना वाटतं आत गणपती आहे. एका सप्लायरने तर एकदा उंबऱ्यावर नारळ ठेवला होता. आत गणपती नाही. आत वायफायची पेटी आहे आणि तिच्यासमोर मोज्यांवर उभे असलेले भानुदास वाघचौरे आहेत.

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटखालच्या पट्ट्या बनतात. तुम्ही गाडीत बसता तेव्हा तुमचं अख्खं वजन आमच्यावर असतं, पण आम्ही कधी बोलून दाखवत नाही. मी डिस्पॅचला. माल मोजायचा, स्कॅनरने बारकोड वाचायचा, ट्रक सोडायचा. हे स्कॅनर त्या पेटीला बिनतारी जोडलेले. पेटी बंद म्हणजे स्कॅनर बंद, स्कॅनर बंद म्हणजे ट्रक उभा, आणि ट्रक उभा राहिला की तळेगाव चौकापर्यंत वाहतूक तुंबते ती आमच्यामुळेच, असं मी ठामपणे सांगत असतो.

तर वाघचौरे हे त्या पेटीचे डॉक्टर. परभणीकडचे. आडनावात वाघ असलेला इतका लाजरा माणूस अख्ख्या औद्योगिक पट्ट्यात सापडायचा नाही. पेटी बिघडली की दुसरा कुणी वायर बघेल, हे आधी तोंड लपवतात. मग एकेका खात्यात जाऊन माफी मागतात. प्रेस शॉप, वेल्डिंग, क्वालिटी, गेटवरचा रखवालदार. कुणी सुटत नाही. रखवालदाराचा वायफायशी संबंध काय? काही नाही. पण त्याच्यासमोरही हे हात जोडून उभे. "काय करावं ओ, मला लाज वाटायली."

हे त्यांचं पालुपद. वीज गेली तरी त्यांनाच लाज. शेजारच्या कंपनीचं नेटवर्क बंद पडलं त्या दिवशी हे रुमालाने तोंड झाकून आले. देहूत, जिथे ते राहतात, तिथल्या एटीएमवर 'सर्व्हर बंद आहे' असा कागद पाहून ह्यांनी रांगेतल्या प्रत्येकाची माफी मागितली. लोकांनी त्यांना बँकेचा माणूस समजून धरलं आणि पासबुकं पुढे केली. यातलं पासबुकांचं माझं आहे, बाकी खरं.

पण माणूस कामाला पक्का. त्यांचा क्रम ठरलेला: आधी दिवा, मग वायर, मग सेवा, मग जोडणी. पेटीवर हिरवा दिवा लागलाय का बघायचं. वायर हलवून बघायची. मग पडद्यावर पेटीच्या आतल्या एकेका सेवेची हजेरी घ्यायची. कुठली सेवा आलेल्याची ओळख तपासते, कुठली त्याला जागा देते. मी एकदा विचारलं, "सगळ्या सेवा चालू दिसताहेत, मग माझा स्कॅनर नुसता गोल गोल का फिरतोय?"

"सेवा म्हणजे घरातले लोक जागे हायत का ते, साहेब," वाघचौरे म्हणाले. "आणि जोडणी म्हणजे दार उघडलं का ते. आत सगळे जागे असतेत आणि दार उघडंना असं बी होतं की."

"मग बंद करून चालू करा."

ते असे दचकले, जणू मी म्हणालो, घर पाडून बांधा.

आणि ते पेटीशी बोलायचे. मी स्वतः दाराला कान लावून ऐकलंय. आत पंख्यांची घरघर, आणि त्यात वाघचौऱ्यांचा मऊ आवाज. "जेवलीस का?" मग टक, असा एक बारीक आवाज. "गोळी घेतलीस?" टक टक. "का गं? रागावलीस? चुकलं माझं. मला लाज वाटायली."

झालं! ही गोष्ट मी कँटीनमध्ये अशी रंगवली, की लोक इडली गिळायची विसरले. पेटीला गोळ्या चारतात, पेटी रुसते, पेटी टक टक करून उत्तर देते. वाघचौरे समोरच बसले होते. कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "बोलावं लागतंय ओ. न्हाईतर रुसती." आम्ही हसून हसून बेंच मोडला. बेंच आधीच मोडका होता, ते सोडा.

आता एक अडचण सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या शेडला वर पत्रा, बाजूंना पत्रा. आत मोबाइलला रेंज अशी, की सकाळी 'हॅलो' म्हणावं तर पलीकडचा 'हॅलो' संध्याकाळी गेटबाहेर पडताना मिळतो. त्यामुळे कामगारांचे फोन कंपनीत मुके. मग कधीतरी वाघचौऱ्यांनी वेल्डिंगच्या संतोषला गुपचूप वायफायचा पासवर्ड दिला; त्याची मुलगी नुकतीच पालथी पडायला लागली होती आणि ती गावी, हा इथे. संतोषने तो फक्त एकाला सांगितला. त्या एकानेही फक्त एकालाच सांगितला. असं करत करत चहाच्या सुट्टीत आमचं कँटीन म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचं ओसरीवरचं बोलणं झालं. कुणाची आई पदर सावरतेय, कुणाची बायको फोन उलटा धरून नुसतं छताचं आढं दाखवतेय.

फोर्कलिफ्टवाला बबन तर निघोज्याचा. त्याचं घर कंपनीच्या भिंतीला लागून. तोही व्हिडिओ कॉल लावायचा.

"बबनराव, भिंतीवरून हाक मारली तर ऐकू जाईल की!"

"घरच्यांला जाईल. म्हशीला बघायचं तर फोनच लागतोय," बबन म्हणायचा. "याली हाय ना ती. रेडकू बगा, रेडकू."

पेटी मात्र जुनी. तिला ठरावीकच पाहुणे सांभाळता यायचे. ते भरले की सगळ्या सेवा हिरव्यागार, आणि दार बंद. आमचे स्कॅनर सकाळपासून आत बसलेले, म्हणून एरवी चालून जायचं. पण चहाच्या सुट्टीत आम्ही स्कॅनरच्या बॅटऱ्या बदलायचो. स्कॅनर क्षणभर उठला, की त्याच्या जागेवर कुणाची तरी आत्या येऊन बसायची.

हे मला माहीत नव्हतं. वाघचौऱ्यांना पक्कं माहीत होतं. प्रत्येक वेळी ते खात्याखात्यात जाऊन माफी मागत ती काही उगाच नव्हती.

मग एक दिवस ऑडिट आलं. आमचा माल जिथे जातो त्या कंपनीतून एक मॅडम आल्या. आमच्या मोठ्या साहेबांनी वाघचौऱ्यांना सकाळीच माझ्यादेखत सांगितलं, "आज मॅडमसमोर स्कॅनर अडकला, तर उद्या तुम्ही यायची तसदी घेऊ नका." वाघचौरे म्हणाले, "मला लाज वाटायली." अजून काही झालंही नव्हतं.

मॅडम चहाच्या सुट्टीनंतर डिस्पॅचला येणार होत्या. पण सुट्टी सुरू होताच आल्या. आणि आम्ही, शहाणे, नुकत्याच सगळ्या बॅटऱ्या बदलून बसलेलो. सगळे स्कॅनर गोल गोल फिरायला लागले. मॅडम हसतमुखाने घड्याळ पाहत होत्या. मी त्यांच्या हातात सीटची पट्टी दिली, तिचा इतिहास सांगायला सुरुवात केली, पोलाद कसं जन्मतं इथपासून, आणि मध्येच "आलोच" म्हणून पळालो.

वाघचौरे कँटीनच्या दारात उभे होते. चेहरा पांढरा.

"जोडणी व्हईना झालीय," ते म्हणाले. "जागा भरल्यात. हे सगळे फोन."

"मग एका बटणात हाकला ना सगळ्यांना!"

"बोलत्या माणसाचं बोलणं तोडायचं? असं कसं ओ?"

"वाघचौरे, नोकरी जाईल तुमची!"

"जाईल की," असं म्हणून ते आत शिरले आणि एकेका टेबलाशी जाऊन हात जोडू लागले. कामगारांना नव्हे, पडद्यावरच्या माणसांना. "माफ करा आई, तुमच्या लेकाला जरा काम हाय." "वहिनी, चुकलं, उद्या बोला." संतोषच्या मुलीसमोर तर ते गुडघ्यावर बसले. तिने पडद्याची पापी घेतली आणि फोन बंद झाला. आणि काय सांगू, बाहेर डिस्पॅचला एक स्कॅनर 'टीं' करून जोडला गेला! एक निरोप, एक टीं. पुढचा निरोप, पुढची टीं. अवघं कँटीन समजून गेलं. लोक पटापट "ठेवतो गं, ठेवतो" करायला लागले.

बबन तेवढा अडला. "मी बंद करतो, पन तिला सांगा तुमी."

वाघचौऱ्यांनी बबनच्या फोनमधल्या म्हशीला हात जोडले. "माफ कर माय." म्हशीने मान फिरवली. टीं!

मी डिस्पॅचला परत धावलो. सगळे स्कॅनर जागे. एकच उरला होता, माझ्या हातातला. तो गोल गोल फिरतच होता. मॅडम नेमक्या माझ्याकडेच वळल्या. "तुमचा नाही का चालू?"

"पोलाद जसं थंड होतं..." असं काहीतरी मी बोललो आणि पुन्हा पळालो. कँटीनमध्ये सगळे फोन टेबलावर पालथे पडलेले. मग आत अजून बसलंय कोण? मी रागारागाने पेटीच्या खोलीत घुसलो, बूट न काढता.

वाघचौरे पाठमोरे उभे होते. पेटीच्या मागे, वायरींच्या आडोशाला, एक फोन टेकवून ठेवलेला. त्यात एक खाट दिसत होती. खाटेवर एक बाई, उशांना टेकून. चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली. डाव्या हातात चमचा आणि मांडीवर स्टीलची ताटली.

"थोडा वेळ बंद करावं लागतंय," वाघचौरे तिला सांगत होते. "शेजारच्या काकू येतेत दुपारी. तोवर एकटी राहशील ना?"

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग चमचा ताटलीवर आपटला. टक.

"घाबरणार न्हाईस?"

टक टक.

एक टक म्हणजे हो, दोन टक म्हणजे नाही. ही वाघचौऱ्यांची बायको; अर्धांगवायूनंतर तिची वाचा गेली, हे मला नंतर कळलं.

त्यांनी फोन बंद केला. माझ्या हातातल्या स्कॅनरने टीं केलं. मी तो सोबतच घेऊन आलो होतो. वाघचौरे वळले. मला पाहून त्यांना जमिनीत शिरायला जागा हवी होती, पण खाली फरशी.

"कंपनीची एक जागा मीच अडवून बसलेलो, साहेब," ते म्हणाले. "सकाळपासून रातीपतुर. मग दुसऱ्याला कोण्या तोंडानं न्हाई म्हणू? मला लई लाज वाटायली ओ."

माझ्या बुटांना लागलेलं ग्रीस त्या स्वच्छ फरशीवर ठसे उमटवत होतं, तेवढं मला दिसत होतं. मी मागच्या मागे बाहेर आलो.

ऑडिट पार पडलं. मॅडमनी जाताना मोठ्या साहेबांना खास शाबासकी दिली: चहाच्या सुट्टीतसुद्धा इथे एकही कामगार फोनला हात लावत नाही, अशी शिस्त पाहिली नाही म्हणाल्या. साहेबांनी ती विनयाने स्वीकारली. वाघचौऱ्यांना दुसऱ्या दिवशी यायची तसदी घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये उभा राहिलो आणि आयुष्यातली माझी सगळ्यात मोठी थाप मारली. म्हणालो, ऑडिटवाल्या मॅडमचा हुकूम आहे: पेटीतली एक जागा तपासणीसाठी कायम राखीव. ती कुणी घेतली, तर पेटी सरळ दिल्लीला तक्रार करते. आणि स्कॅनरच्या बॅटऱ्या आता चहाच्या आधी बदलायच्या. लोकांनी एरवी माझं एक वाक्य खरं मानलं नाही, हे मात्र मुकाट्याने मानलं. बबन तर त्या जागेचा राखणदार झाला. कुणाचा फोन लागला नाही की ओरडतो, "आरं, राखीव हाय ती! कळत न्हाई व्हय?"

वाघचौरे संध्याकाळी माझ्याकडे आले. हात जोडलेले. "माझ्यापायी तुम्हाला खोटं बोलावं लागलं. मला लाज..."

"वाघचौरे," मी म्हणालो, "मला खोटं बोलायला कुणी लावावं लागत नाही."

ते हसले. पहिल्यांदाच, तोंड न लपवता. "मग या की एकदा पेटीपाशी. तिला तुमच्या गोष्टी सांगतो मी. लई आवडतेत. पेटीला गोळ्या चारतो ती तर दोनदा सांगायला लावली तिनं."

परवा पेटीच्या खोलीकडे गेलो. दारात त्यांच्या बुटांशेजारी माझे बूट काढले आणि तिथेच थबकलो. माझ्या उजव्या मोज्याला भलंमोठं भोक, आणि त्यातून अख्खा अंगठा बाहेर. आत वाघचौरे सांगत होते, "ते आलेत बग, गोष्टीवाले." टक, असा आवाज आला.

मी अंगठा मोज्यात कोंबत उभा. आत फोनमधून वहिनी बघतील, म्हणून मला लाज वाटायली.