पंख्याचे तीन प्रायोजक

रेहानाआपांकडं राँग नंबर लागतच नाही. म्हणजे चुकून फोन लागतो, अगदी रोज लागतो. पण लागलेला फोन चुकीचा आहे हे त्यांना मान्य नसतं. उमरग्याच्या जुन्या टेलिफोन ऑफिसात त्या ऑपरेटर होत्या. ते काम संपलं, तो जोडणीचा बोर्ड भंगारात गेला, आपा रिटायर झाल्या. तरी फोन उचलल्यावर आजही त्या 'हॅलो' म्हणत नाहीत. "बोला, कुठं जोडू?" म्हणतात.

एकदा हायवेवर टायर फुटलेल्या ट्रक ड्रायव्हरचा फोन त्यांना लागला. त्याला टायरचं दुकान हवं होतं. आपांनी त्याला थांबायला सांगितलं, शेजारणीचा मोबाइल मागून आणला, त्यावरून दुकानदाराला गाठलं आणि दोन्ही मोबाइल उलटसुलट धरून दोघांचं बोलणं करून दिलं. संध्याकाळी पुन्हा फोन करून टायर नीट बसला का तेही विचारलं. त्या ड्रायव्हरचा दर ईदला मुबारकबाद द्यायला फोन येतो. तो अजून त्यांना टायरवाल्याची आईच समजतो.

मी उमरग्यात घरोघरी इंटरनेटची जोडणी देतो. आमच्याकडं आणि शेजारच्या लोहाऱ्यात माझ्यासारखे छोटे नेटवाले बरेच आहेत. आमची अडचण अशी होती, की माझ्या गिऱ्हाइकानं समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या नेटवाल्याच्या गिऱ्हाइकाला काही पाठवलं, की ते आधी मुंबईला जायचं आणि तिथून वळसा घेऊन परत उमरग्याला यायचं. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून एक मशीन घ्यायचं ठरवलं. सगळ्यांच्या वायरी त्यात येणार आणि इथलं इथंच फिरणार. याला इंटरनेट एक्स्चेंज म्हणतात. त्याला मालक नसतो. सगळे सभासद, सगळ्यांची वर्गणी.

मशीन ठेवायला जागा नव्हती. आपांनी आपल्या घरावरची खोली फुकट दिली आणि अध्यक्षही आपणच होणार म्हणून सांगितलं. सेक्रेटरी मी झालो, कारण त्या बैठकीला मी उशिरा पोचलो.

खोलीवर 'इंटरनेट एक्स्चेंज' अशी पाटी लावली आणि दुसऱ्याच दिवशी एक बाई जुना मिक्सर घेऊन आल्या. एक्स्चेंजमध्ये काय मिळेल विचारू लागल्या. मी त्यांना समजावून परत पाठवणार होतो. आपांनी मला गप्प बसवलं, बाईंना चहा दिला, आणि मागच्या गल्लीत कुणाची तरी शिलाई मशीन पडून आहे हे आठवून त्या दोन्ही वस्तूंची अदलाबदल लावून दिली. आमच्या एक्स्चेंजमधला पहिला व्यवहार तो. आमचं मशीन तोवर खोक्यातच होतं.

खरी मजा वर्गणी ठरवताना आली. एक म्हणाला, सगळ्यांना सारखी ठेवा. दुसरा म्हणाला, ज्याची वायर जाड त्याला जास्त लावा. ज्याची वायर जाड होती तो म्हणाला, मग मला खुर्चीही मोठी पाहिजे. एकानं तर मी दाराजवळ बसतो, जागा कमी अडवतो, तेवढी सूट द्या, असा अर्ज तोंडी मांडला. आपांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सारखी वर्गणी मंजूर केली. त्यावर आणखी वाद नको म्हणून त्यांनी वाढलेला शिरा मात्र ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे होता.

नुसत्या वर्गणीत मशीन चालेना. एसीशिवाय ते तापायचं. तेव्हा मंगल कार्यालयाचे मालक बसवराजशेठ प्रायोजक म्हणून पुढं आले. त्यांनी एसी दिला आणि एसीखाली स्वतःचा हात जोडलेला मोठा फोटो लावला. उद्घाटनाला कुणीतरी त्या फोटोला हार घातला आणि तो काढायचा राहिला. हार वाळला. येणारे-जाणारे फोटो बघून चपला काढू लागले. पुढच्या आठवड्यात शेठच्या घरी लातूरहून पाहुणे भेटायला आले, ते पांढरे कपडे घालूनच. शेठनी स्वतः दार उघडल्यावर त्यातला एक जण मटकन खाली बसला.

हे शेठनी हसण्यावारी नेलं. पण उन्हाळा लागताना ते बैठकीला आले ते वेगळंच काम घेऊन. लोहाऱ्याचा मिलिंद आमच्यातला सगळ्यात छोटा सभासद. वादळात त्याचा टॉवर आडवा झाला होता आणि तो उभा करण्यात त्याची वर्गणी थकली होती. शेठच्या भाच्याला लोहाऱ्यात नेटचा धंदा टाकायचा होता. शेठ म्हणाले, वर्गणी न भरणाऱ्याची वायर काढायची असा तुमचाच नियम आहे, तेव्हा मिलिंदची काढा आणि तिथं माझ्या भाच्याची लावा. नाहीतर एसीचं काय करायचं ते मला बघावं लागेल.

आम्ही सगळे एसीकडं बघू लागलो. खरं सांगायचं तर आमच्यातले निम्मे बैठकीला एसीसाठीच यायचे. मिलिंद मान खाली घालून बसला होता.

आपा म्हणाल्या, "शेठ, तुमचा एसी खोली थंड करतो, लई मेहेरबानी. पर कुणाची लाइन काढायची ते एसी ठरवत न्हाय."

आता मतदान घ्यावं लागेल, असं एकानं सुचवलं. आपांनी ते पुढच्या रविवारी ठेवलं. त्याआधीच्या सोमवारी सकाळी मी गेलो तर भिंतीला मोठं भोक होतं. आपांनी मिस्त्री बोलावून एसी उतरवला होता, आपल्या चांगल्यातल्या चादरीत गुंडाळला होता आणि टेंपोतून मंगल कार्यालयाकडं रवाना केला होता. शेठचा फोटो पुढं, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. आडवा ठेवला तर बरं दिसत नाही, असं आपांचं म्हणणं पडलं.

मिलिंदच्या वर्गणीचाही त्यांनी निकाल लावला. त्यानं सगळ्या सभासदांचे टॉवर चढून तपासायचे, तीच त्याची वर्गणी. "वर्गणी म्हंजे हात लावणं. ज्याच्यापाशी जे हाय त्येनं ते लावावं," असं त्या म्हणाल्या. रविवारी मतदान झालंच नाही, कारण मत देण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

मग ऊन तापलं. दुपारी मशीन बंद पडू लागलं आणि अख्ख्या उमरग्याचे फोन सुरू झाले. आम्ही सभासदांनी आपापले मोबाइल बंद करून ठेवले. आपा एकेक फोन घेत होत्या, "बोला, कुठं जोडू?" विचारत होत्या, आणि लोक त्यांना जे काही बोलत होते ते शांतपणे ऐकत होत्या.

दोन-चार दिवसांनी त्या मला घेऊन बाजारात निघाल्या. मोठा प्रायोजक नको, छोटे छोटे गोळा करू, म्हणाल्या. टेलरनं जाड पडदा शिवून दिला. त्यावर दुकानाचं नाव इतकं मोठं घातलं, की खिडकीतून फक्त 'ब्लाउज' एवढंच दिसायचं. रसवंतीवाला रोज बर्फाची लादी पाठवू लागला. आणि मोठ्या पंख्यासाठी टायरवाला, केशकर्तनालयवाला आणि रक्त तपासणारा लॅबवाला, असे तिघं एकत्र आले. पंख्याला पाती तीन. प्रत्येकानं एकेका पात्यावर आपलं नाव रंगवून घेतलं.

पंखा सुरू झाला आणि तिघंही तक्रार घेऊन आले. नाव वाचता येत नाही. केशकर्तनालयवाल्याचं म्हणणं, फिरताना लॅबवाल्याचा लाल रंग त्याच्या नावावर सांडतो. पंखा हळू केला तर मशीन तापायचं. आपांनी तोड काढली. शुक्रवारी सकाळी गारव्याच्या वेळी पंखा थोडा वेळ बंद ठेवायचा. त्या वेळेला तिघं दुकानं सोडून येतात, मान वर करून आपापलं नाव वाचतात, आणि समाधानानं परत जातात. हे अजून चालू आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला बसवराजशेठही आले. भाच्यानं नेटचा नाद सोडून पुण्यात नोकरी धरली होती. शेठना आता काहीच नको होतं, फक्त एका पात्यावर नाव हवं होतं. पाती भरली आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. आपांनी इकडं तिकडं बघितलं आणि त्यांना नाव घालायला पंख्याचा रेग्युलेटर दिला. तो फिरत नाही का, शेठनी विचारलं. फिरतो, पण हळू, आपा म्हणाल्या. शेठ खूश झाले.

या सगळ्यात एक गोष्ट मला कळत नव्हती. मिलिंदसाठी या बाईनं भर उन्हाळ्यात एसी का घालवला? तो ना त्यांच्या नात्यातला, ना गल्लीतला.

परवा दुपारी मिलिंदला लोहाऱ्याच्या लाइनवर काही काम करायचं होतं. थोडा वेळ लाइन बंद ठेवावी लागणार होती, म्हणून अध्यक्षांना सांगायला मी गेलो. दार लोटलेलं होतं. आपा स्वयंपाकघरात जमिनीवर पाय लांब करून शेंगा सोलत होत्या. समोर पाटावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

मोबाइलवर एक खाट दिसत होती. खाटेवर एक म्हातारी बाई भिंतीकडं तोंड करून झोपली होती. पांढरी ओढणी, त्याखाली बारकीशी पाठ.

"माझी मोठी बहीण, हमीदा," आपा हळू आवाजात म्हणाल्या. "लोहाऱ्याला असती. सून-लेक कामाला जातेत, दिवसभर एकलीच. मला गुडघ्यापायी एसटीत चढता येत न्हाय, तिला उठता येत न्हाय. मिलिंदचं नेट हाय तिच्याकडं."

दिवसभर काय बोलता, मी विचारलं.

"बोलायचं काय असतंय? ती तिथं, मी इथं. सकाळी लावायचं, संध्याकाळी सून आली की ठेवायचं." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. "आपलं मशीन यायच्या पयले लई अडकायचं. चित्र तसंच थांबायचं. मग मला कळायचं न्हाय बेटा, नेट थांबलंय का तीच."

पडद्यावरची ओढणी जराशी वर झाली, खाली आली. आपा तिकडंच बघत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, काय काम काढलं होतं?

काही नाही, सहज आलो होतो, म्हणालो. त्यांनी परात माझ्याकडं सरकवली. मी थोड्या शेंगा सोलल्या आणि आवाज न करता उठलो.

बाहेर येऊन मिलिंदला फोन लावला आणि आज काम नको म्हणून सांगितलं. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर कर. त्यानं कारण विचारलं.

"आत्ता बंद नको करू," मी म्हणालो. "लाइनीवर माणूस हाय."