तीनवर चालणारी मोटार

मन्मथआप्पा माणसं सिलिंडरांवर मोजत.

त्यांच्या मोटारीला सिलिंडर चार. चारही पेटले तर मोटार धड, एक विझला की ती खोकत, हिसके देत चालायची. आप्पांच्या मते माणसाचंही तसंच होतं. दुकानात गूळ तोलता तोलता ते गिऱ्हाइकाचं तोंड बघत आणि हळूच मला म्हणत, "ह्यो तीनवर चालायलाय. घरात भांडून आलाय." एकदा तर तहसिलीच्या पेशकारासमोर "सरकार आजकाल तीनवर चालायलंय" असं बोलून बसले. निजामाच्या राज्यात, भर पेठेत! पेशकाराला मोटारीतलं काही कळत नव्हतं म्हणून निभावलं. त्यांच्या वतीनं दोन दिवस मीच अन्नाला शिवलो नाही.

घाबरण्यात मी पहिल्यापासून हुशार. शाळेत तेवढा नव्हतो. पाचवीत ती सुटली. मग एका ओळखीच्या माणसाची चिठ्ठी घेऊन साताऱ्याकडून इतक्या लांब जिंतूरला आलो, जिनिंगमध्ये कापूस तोलायला. कागद सगळे उर्दूत, बोली वेगळी. पहिल्या दिवशी पिशवी छातीशी धरून पेठेत उभा होतो, तर किराणा दुकानातून आवाज आला, "कोन गावचा रं तू? तुझा तर एकच चालायलाय." तेच आप्पा. त्यांनी घरामागची खोली उघडून दिली. त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, काही न विचारता ताट वाढलं. त्या घरात मूल नव्हतं. मला आई होती, पण ती तीनशे कोसांवर असल्यासारखी होती. त्या घराचे उपकार मी विसरलेलो नाही. पुढचं लिहिताना ते वाचणाऱ्यानंही लक्षात ठेवावं.

मोटार परभणीच्या एका जागीरदाराची, त्यांनी टाकलेली. आप्पांनी ती अंगणात आणून बैलांच्या गोठ्यात बांधली. बांधली म्हणजे खरंच दोरीनं बांधली. उतारावर सुटली तर काय, म्हणून. मिस्त्री परभणीला, तेव्हा मरम्मत घरच्या घरी. हत्यारं तीन: एक पाना, स्क्रू पिळायचा एक पेचकस आणि पाण्याचा तांब्या.

तांब्याचं काम ऐका. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या निघतात, प्रत्येक सिलिंडरची एक. इंजिन चालू ठेवून आप्पा बोटानं एकेकीवर पाण्याचा थेंब सोडत. पेटत्या सिलिंडरची नळी तापलेली, तिच्यावर चर्र होतं. विझलेल्याची गार. "मानसाचा ताप हातानं बघत्यात, इंजिनाचा पान्याच्या थेंबानं," ते म्हणत आणि डोळे मिटून चर्र ऐकत.

आक्कांचा मोटारीशी वेगळा व्यवहार. घर लिंगायतांचं, गळ्यात इष्टलिंग, पूजेशिवाय पाणी नाही. दर सोमवारी आक्का इंजिनाचं झाकण उघडायला लावत, ओली विभूती तीन बोटांवर घेत आणि आतल्या एका काळ्या टोपणावर तीन पट्टे ओढत. सिलिंडरांना करंट वाटणारं ते टोपण. त्यातून वायरी वर निघालेल्या, शेंडीसारख्या. "हे लेकराचं कपाळ," आक्का म्हणत. सोमवारामागून सोमवार थर चढत होते.

श्रावणातल्या एका सोमवारी मला तार आली. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. तार माझ्या हातात पडेपर्यंत परभणीची सर्व्हिस मोटार परत गेली होती, पुढची उद्या. रेल्वे मात्र त्याच संध्याकाळची होती. मी तार तशीच हातात घेऊन दुकानात रडत आलो. आप्पांनी दुकानाला फळी लावली आणि म्हणाले, "रडू नगंस. मी सोडतो. चारच्या आत निगालो तरी गाडी घावती."

तेव्हा दहा वाजले असतील. मोटार सुरू झाली आणि खोकायला लागली. फट्, फट्, मग काहीच नाही, मग फट्. गोठ्यातल्या गोठ्यात ती अशी थरथरत होती की दोरी ताणली गेली.

"तीनवर हाय," आप्पा म्हणाले. "वाटंतला बोरीचा चढ चढायची न्हाई. थांब जरासक."

तांब्या आला. पहिल्या नळीवर चर्र. दुसऱ्या नळीवर चर्र. तिसरीवर थेंब नुसता ओघळला. चौथी चर्र. म्हणजे तिसरा. आप्पांनी तिसऱ्याचा प्लग काढून पहिल्यात लावला, पहिल्याचा तिसऱ्यात. पुन्हा तांब्या. तिसरीच गार. "पिलग बेकसूर," त्यांनी निकाल दिला. मग वायर बदलली. तिसरीच गार. "वायरबी बेकसूर." मग त्यांची नजर वायरीवरून चढत चढत त्या काळ्या टोपणावर गेली आणि तिथंच थांबली. बराच वेळ थांबली.

मला वाटलं, सापडलं! पण आप्पांनी टोपणावर फडकं टाकलं आणि म्हणाले, "कार्बोरेटर खोलावं लागंल."

आक्का पायरीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. श्रावणी सोमवार, त्यांचा संध्याकाळपर्यंत उपास; चुलीचंही काम नव्हतं. "सकाळीच विभूती लावलीय," त्या मला धीर देत होत्या. "चालंल बघ."

"अगं, मठात जाऊन ये की," आप्पा म्हणाले.

"पोराला वाटंला लावल्याबिगर मी उठत न्हाई."

थोड्या वेळानं, "अगं, शेजारनं घासलेट आन."

"घासलेट तुमच्या पायापाशी हाय."

"मंग घटकाभर पड तरी."

"त्याची आय तिकडं मरायलीय अन् मी पडू? तुमचा कितीवर चालायलाय आज?"

कार्बोरेटरचे तुकडे गोणपाटावर मांडले गेले, पुसले गेले, पुन्हा बसवले गेले. बारा वाजले. टाकीची नळी काढून फुंकली. दोन वाजले. पंखा काढला, पंख्याचा काय संबंध ते मला आजही माहीत नाही. मी अंगणात येरझारा घालत होतो. प्रत्येक वेळी तिसऱ्या नळीवरून थेंब गार ओघळत होता. शेवटी त्यांनी तांब्याही खाली ठेवला. चार वाजून गेले तेव्हा मी पिशवीवर बसलो आणि आईचं तोंड आठवायला लागलो. तेही नीट आठवेना.

साडेपाचच्या सुमाराला दारात जंगम, लिंगायतांचे गुरू, भिक्षेला आले. जंगमाला भिक्षा घातल्याशिवाय परत पाठवणं त्या घरात शक्य नव्हतं. आक्का उठून आत गेल्या.

त्या दिसेनाशा होताच आप्पांनी टोपणावरचं फडकं ओढलं, घासलेटमध्ये बुडवलं आणि विभूती खरवडून पुसून काढली. दमट हवेत तो राखेचा थर ओला होऊन तिसऱ्याचा करंट पिऊन टाकत होता. टोपण कोरडं केलं, हँडल मारलं. मोटार चारही सिलिंडरांवर, शिवणयंत्रासारखी चालली.

आक्का धावत बाहेर आल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. "म्हनलं न्हवतं? म्हनलं न्हवतं?"

संध्याकाळची गाडी आता मिळणार नव्हती. तरी आम्ही निघालो. पुढच्या गाडीपर्यंत स्टेशनात बसून राहायचं, दुसरं काय. वाटेत मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"अकराला."

बोरीचा चढ मोटार न खोकता चढली, तेव्हा आप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले, "आमाला एक लेकरू होतं. तीन वर्साचं. ताप आला. हिनं इभूती लावली अन् त्याच दिवशी गेलं. माज्या आयनं सगळ्यांदेखत हिच्या हाताला नावं ठेवली. पंधरा वर्सं हिनं कुनाच्या कपाळाला हात लावला न्हाई. ही मोटार आली तवा आपूनहून इभूती घेऊन उठली." मग चढ संपल्यावर, "सांगायचं कसं रं हिला?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला त्यांचा राग येत होता आणि रागावायची लाजही वाटत होती.

मी गावी पोचलो त्याच्या आदल्या संध्याकाळी आई गेली होती.

महिन्यानं परत आलो. माझं मुंडलेलं डोकं बघून आक्का दारातच रडल्या. मग पदरानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, "गाठ तरी पडली का रं?"

त्यांच्या मागं आप्पा उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"पडली," मी म्हणालो.

"बोलली?"

"बोलली."

झालं, तिथून आक्कांनी रोज विचारायला सुरुवात केली. काय बोलली? अजून काय बोलली? माझी आई मुलखाची अबोल बाई. मी जिंतूरला निघालो त्या दिवशीसुद्धा 'नीट जा' एवढंच म्हणाली होती. मी रोज थोडं थोडं रचत गेलो. शेताबद्दल बोलली, म्हशीबद्दल बोलली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सुचेना, तेव्हा म्हणालो, "तिनं विचारलं, तिकडं तुला जेवायला कोण वाढतं?"

"मंग तू काय म्हनलास?"

"तुमचं नाव सांगितलं."

आक्का आत जाऊन माझं ताट वाढायला लागल्या. आप्पा दुकानात तराजू धरून ऐकत उभे होते. दोन्ही पारडी रिकामी होती.